परवडतीस

गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर,
डोळ्यांदेखत पिळलेलं कोमट फेसाळ दूध
त्यानं माझ्या हातात दिलं, आणि म्हणाला,
"तू मला परवडतीस बघ."

त्याच्या मिशीला फेस लागला होता.
पुसायला काढलेला माझा रुमाल
अर्ध्या वाटेत थांबला.
म्हैस शेपटी हलवत होती.
धार काढणारा म्हातारा वर बघतसुद्धा नव्हता.
बाकी काही झालं नाही.

तसा भरतेश वाईट नाही.
शाहूपुरीत गुळाची अडत, आजोबांपासूनची.
रव्यावर बोटाचं पेर वाजवून
आतला ओलावा सांगतो.
आईच्या गुडघ्यांसाठी तेल आणतो तेव्हा
बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.
हे सगळं मी त्याच्या बाजूनं मोजून धरलंय.
मोजून. आलंच ना माझ्याही तोंडात.

पण मी दिवसभर शब्द जुळवते,
लक्ष्मीपुरीतल्या छापखान्यात, लग्नाच्या पत्रिका.
'आशीर्वाद'मधली 'शी' दीर्घ,
'मामाच्या लग्नाला यायचं हं' तळाला, डोलत्या अक्षरात.
वर्षाला चार-पाचशे जोडपी हाताखालून जातात,
एकाही पत्रिकेत कुणी कुणाला
परवडल्याचं छापलेलं नाही.
कुणाला काय परवडलं नाही
ते मालकांच्या उधारीच्या वहीत असतं.

रात्री कुशीवर वळले की
शब्द उशीखालून टोचायचा.
परवडतीस. कुठला भाव धरून?
हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता?
आणि समजा उद्या बाजार पडला तर?

जरीना कटिंग मशीनवरून ओरडली,
"एका शब्दापायी? अगं, आमचा माणूस
चौदा वर्षं मला 'ऐकलंस का' म्हणतोय.
नाव विचार त्याला, डोकं खाजवंल."
आणि पातं खाली आलं, खच्च,
दोनशे पत्रिकांच्या कडा एकदम सरळ.

तीन दिवस मी फोन उचलला नाही.
चौथ्या दिवशी तोच आला,
शर्टाला गुळाचा वास, खिशाभोवती एक माशी.
जरीना "जेवून येतो" म्हणून निघून गेली,
डबा टेबलावरच ठेवून.
मी सांगून टाकलं.
तो बराच वेळ छपाईच्या यंत्राकडे बघत राहिला.

"आजोबा आजीला म्हणायचे," तो म्हणाला.
"ती गेली त्या दिवशी गादीवर बसले
आणि दिवाणजीला म्हणाले,
आता काय बी परवडायचं नाही."

मग जरा थांबून,
"आणि तुझं ते 'बघू'?
तीनदा विचारलं, तीनदा बघू.
माल दाबून, चाखून, ठेवून जाणारं गिऱ्हाईक
असंच म्हणतं आमच्याकडं."

मला उत्तर सुचलं नाही.
'बघू' इतका साधा शब्द, आई म्हणते, मालक म्हणतात,
मी तो कधी तपासलाच नव्हता.

जिन्यावरून तो वळून म्हणाला,
"दुसरा शब्द सांग मग. तुझाच धंदा हाय."

संध्याकाळपर्यंत मी वाया गेलेल्या पत्रिकांच्या पाठीवर
लिहीत बसले.
'आवडतेस'. ते तर चपलेलाही म्हणतात.
'प्राणप्रिय'. हे लिहिताना मीच हसले.
'भावतेस' बरा वाटला,
मग त्यातला 'भाव' दिसला.

टेबलावर त्यानं ठेवलेला गुळाचा खडा होता,
कागदाला चिकटलेला, आमच्याच छापखान्याच्या,
'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढंच वाचता येत होतं.
मी तो खाल्ला नाही.
मुंग्या लागतील म्हणून
जरीनाच्या डब्याचं झाकण त्याच्यावर उपडं घातलं
आणि दिवे बंद केले.